घडवेल त्याची मूर्ती

“आधी कॉपीराइट काढ, मग टाक.”

पेणला गणपतीचं नवं मॉडेल करणाऱ्या पोराला हा सल्ला मिळतो. रोह्यात लग्नाचं नवं आगरी गाणं लिहून चॅनलवर चढवायला निघालेल्या पोरीला मिळतो. कुंडलिकेवरच्या धुक्याचे फोटो काढणाऱ्याला, कविता पोस्ट करणाऱ्याला, पापडाच्या पाकिटासाठी चित्र काढून देणाऱ्यालाही मिळतो. सल्ला देणारा कधी काका असतो, कधी कॉलेजातला मित्र, कधी इन्स्टाग्रामवर जाहिरात करणारा एजंट. बोलणं सगळ्यांचं एकच. रेशनकार्ड काढतात, जातीचा दाखला काढतात, तसा कॉपीराइट ‘काढायचा’ असतो. तो कुठल्याशा कचेरीत पडून आहे. फॉर्म भरला, फी भरली की खिडकीतून हातात येतो. तोवर तुमची मूर्ती, तुमचं गाणं, तुमचा फोटो बेवारस.

हे खोटं आहे, आणि त्याने नुकसान होतं. ज्याने काम केलं त्याला ते भित्रं बनवतं आणि ज्याच्याकडे कागद आहे त्याला शिरजोर. शिवाय पेणच्या मूर्तिकारांना ज्या एका ठिकाणी खरोखर नोंदणीचा विचार करायला हवा, तिथे त्यांचं लक्षच जाऊ देत नाही.

कॉपीराइट काढावा लागत नाही. तो असतो. शाडूच्या गोळ्यातून तुमच्या मनातला गणपती आकाराला आला, कवितेची ओळ वहीत किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये उतरली, फोटो निघाला, की त्या क्षणी हक्क जन्माला आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १३ सांगतं की मूळ साहित्यकृती, नाट्यकृती, संगीतकृती आणि कलाकृती, तसंच चित्रपट आणि ध्वनिमुद्रणं यांत हा हक्क असतो. त्यात नोंदणीची अट नाही. नोंदणीपुस्तकाची गोष्ट येते ती पुढे, कलम ४४ आणि ४५ मध्ये. तिथेही भाषा ‘अर्ज करता येईल’ अशी आहे, ‘करावाच लागेल’ अशी नाही. आणि कलम ४८ म्हणतं की या पुस्तकातली नोंद हा सकृद्दर्शनी पुरावा आहे. नोंद म्हणजे पुरावा, हक्क नव्हे.

पटत नसेल तर एक साधा हिशेब करून बघा. हा हक्क कधी संपतो? लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षांनी. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेले विनोबा भावे १५ नोव्हेंबर १९८२ रोजी गेले. रोहा ज्यांना आपलं मानतो ते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मेघदूताचे मराठी अनुवादक, त्याच वर्षी २ ऑक्टोबरला गेले. विनोबांची ‘गीताई’ १९३०-३१ मध्ये लिहून झाली, देशमुखांचं इंग्रजी आत्मचरित्र १९७४ मध्ये आलं. लिहिण्यात चाळीसहून अधिक वर्षांचं अंतर, तरी दोघांच्याही लेखनावरचा हक्क ३१ डिसेंबर २०४२ लाच संपणार. कायद्याने मोजलं काय? माणसाचं आयुष्य. प्रमाणपत्रावरची तारीख त्याने विचारलीसुद्धा नाही. हक्क जर नोंदणीतून जन्मत असता, तर मुदतही नोंदणीपासून मोजली असती.

मग हा समज आला कुठून?

काही अंशी इतिहासातून. आजोबांच्या ट्रंकेतली जुनी मराठी पुस्तकं उघडा. पहिल्या पानावर अमुक सालच्या अमुक ‘आक्टा’प्रमाणे पुस्तक ‘रजिष्टर’ करून सर्व हक्क स्वाधीन ठेवले आहेत, अशा अर्थाची ओळ सापडेल. कंपनी सरकारच्या १८४७ च्या कायद्यात दावा लावण्याआधी नोंद लागत असे. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद सुरू केली. म्हणजे एकेकाळी काकांचं म्हणणं खरं होतं. पण १९१४ च्या कायद्यापासून ती अट उरलेली नाही. त्याआधीच, १८८६ मध्ये, बर्न इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराची आजची भूमिकाही तीच आहे: हक्क मिळण्यासाठी कुठलाही सोपस्कार लागू नये. भारत १९२८ पासून या करारात आहे.

अमेरिका मात्र १९८९ पर्यंत त्याबाहेर राहिली. तिथे कागदाची चूक झाली की कलाकृती हातची जात असे. १९६८ सालचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा भयपट वितरकाने नाव बदलताना हक्काची सूचना छापायची राहिली म्हणून पहिल्या दिवसापासून सार्वजनिक मालकीचा झाला. झोंबीपटांचा हा खापरपणजोबा, पण करणाऱ्यांच्या हाती त्याची मालकी राहिली नाही. यूट्यूबवर अमेरिकन वकिलांचे व्हिडिओ पाहून मिळालेलं ज्ञान इकडे तसंच लावू नका. त्यांचा कायदा अजूनही नोंदणीला आपल्यापेक्षा जास्त किंमत देतो.

काही अंशी गोंधळ आपल्याच कोर्टातून आला. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने नोंदणीशिवाय दाद मागता येणार नाही असं म्हटलं. त्या निकालाच्या जोरावर वर्षानुवर्षं नोटिसा लिहिल्या गेल्या. मग ९ मार्च २०२१ रोजी ‘संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग कंपनी’ या खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की नोंदणी बंधनकारक नाही, आणि आधीच्या निकालात त्याच न्यायालयाचे पूर्वीचे निवाडे लक्षातच घेतले गेले नव्हते. खटला कुठल्या महाकाव्याचा नव्हता. खाद्यतेलाच्या पाकिटावरच्या लेबलचा होता. तेलाच्या लेबलला जे लागू, ते पेणच्या पापडाच्या लेबललाही लागू.

संसदेने हा प्रश्न तेव्हाच निकालात काढला होता. १९५५ च्या मूळ विधेयकात ‘नोंदणी नाही तर दावा नाही’ अशी तरतूद होती. संयुक्त समितीने ती वगळली. म्हणजे ही अट कायद्यात लिहायची राहून गेलेली नाही. लिहिलेली होती, ती विचार करून खोडली.

आणि हे ज्या साली घडलं, ते साल आपल्या जिल्ह्याला फार जवळचं आहे.

जमिनीची गोष्ट

रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. इथल्या खोतीच्या गावांत कसणारा एक आणि कागदावरचा दुसरा. अलिबागजवळ चरी इथे १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. जमीन कसायचीच नाही असं ठरवलं आणि सहा वर्षं ते पाळलं. भांडण कशाचं होतं? घाम माझा असेल तर पीक कागदवाल्याचं का, याचं. पुढे कूळ कायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. काही अपवाद सोडले तर त्या दिवशी जमीन कसत असलेल्या कुळाने ती विकत घेतली, असं कायद्याने मानलं. कसेल त्याची जमीन.

कॉपीराइट कायदाही १९५७ चाच. दोन्ही कायद्यांच्या मुळाशी एकच विचार आहे: हक्क श्रमातून येतो, कचेरीतून नाही. कसेल त्याची जमीन, घडवेल त्याची मूर्ती, लिहील त्याचं गाणं. ज्या जिल्ह्याने पहिली गोष्ट संप करून मिळवली, त्या जिल्ह्यातल्या पोरांनी दुसरी गोष्ट एजंटला पैसे देऊन विकत घ्यावी, हे मला सहन होत नाही.

पण कुळांचीच गोष्ट अर्धवट सांगून चालणार नाही. ज्यांची नावं पीकपाहणीला लागली नव्हती, अशी किती तरी कुळं हक्क असूनही हरली. कसत होतो हे सिद्ध करता आलं नाही म्हणून. हक्क कसण्यातून येतो, पण भांडणाच्या दिवशी पुरावा लागतो. नोंदणीची जागा नेमकी तिथे आहे. ती पीकपाहणीसारखी आहे. उपयोगाची, पण एकमेव नाही. आणि तिच्यावाचून जमीन तुमची नव्हतीच, असं तर मुळीच नाही.

कागद खरं बोलतोच असं नाही

“ते सगळं ठीक, पण कागद असलेला बरा ना?” हा प्रश्न येणारच. पाचशे रुपये फी आहे साहित्यकृतीची किंवा कलाकृतीची. कुणाचं काय जातंय?

पहिली गोष्ट, पाचशे ही सरकारी फी आहे; एजंटचे वेगळे. मालावर वापरायच्या चित्रासाठी, म्हणजे लेबल वगैरेसाठी, फी दोन हजार, शिवाय तसं बोधचिन्ह आधीच कुणी ट्रेडमार्क केलेलं नाही असं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ध्वनिमुद्रणाला दोन हजार, चित्रफितीला पाच हजार. आठवड्याला तीन रील आणि महिन्याला एक गाणं करणाऱ्या मुलीने प्रत्येक कामाची नोंदणी करायची म्हटली तर ती गाणं करेल की फॉर्म भरेल?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. नोंदणी करताना कार्यालय कागद तपासतं, हरकतीसाठी तीस दिवस थांबतं. पण ही कृती खरंच तुम्ही केली का, याचा तपास करायला कुणी दिल्लीहून रोह्याला येत नाही. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. ते कुणा एकाचे नाहीत. आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे आलेले आहेत. उद्या कुणी एका पारंपरिक धवल्याला थोडा ठेका लावून, ‘शब्द आणि चाल माझी’ असं लिहून नोंदणी केली आणि त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही, तर? त्याने स्वतः केलेलं ध्वनिमुद्रण त्याचं आहे, त्यात वाद नाही. पण चाल आणि शब्द त्याचे नाहीत. तरी कागद त्याच्या हातात. तो दुसऱ्यांच्या व्हिडिओंवर तक्रारी टाकणार, आणि नोंद खोडून घ्यायला आपल्याला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागणार. ‘आधी काढ, मग टाक’ या सल्ल्याचा खरा फायदा कुणाला होतो? जो आधी पोचतो त्याला. आधी पोचणारा आणि घडवणारा एकच असतो, असं थोडंच आहे?

तिसरी गोष्ट भीतीची. “कॉपीराइट काढलेला नाही, मग तक्रार कशी करू?” असं म्हणून लोक गप्प बसतात. माल चोरीला गेला आणि मालकालाच आपण चोर असल्यासारखं वाटतं. वास्तविक ऑनलाइन चोरीसाठी कलम ५२ आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५ आहे. तुमचं काम कोणतं, ते तुमचं कशावरून, चोरलेली प्रत कुठे आहे, हे लेखी कळवलं की मंचाने छत्तीस तासांत ती लोकांना दिसणं थांबवायचं असतं. पुढच्या एकवीस दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणायचा, नाहीतर ती परत दिसू लागते. या नियमात नोंदणीच्या प्रमाणपत्राची अट नाही.

“पण पोलीस ठाण्यात आधी सर्टिफिकेटच मागतात.” मागत असतील. सातबारा नसेल तर बांधावर उभं राहू नको असं सांगणारे तलाठीही होऊन गेले. मागणारा मागतो म्हणून ती मागणी कायदेशीर होत नाही. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ‘निट प्रो’ खटल्यात सांगितलं. दिवाणी दावा लावायचा तर कलम ६२ मुळे तो जिल्हा न्यायालयात लागतो, आणि राहत्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणच्या न्यायालयात दाद मागायची सोयही तेच कलम देतं. पेण-रोह्यातच राहून तिथेच काम करणाऱ्या माणसाने चोराच्या गावी हेलपाटे घालावेत असा कायद्याचा हेतू नाही. ठाण्यात जाताना सोबत ‘संजय सोया’चा निकाल छापून न्या. प्रमाणपत्रापेक्षा तो स्वस्त पडेल.

पेणचा खरा पेच

आता त्या जागेकडे येऊ, जिथे नोंदणीचा विचार करावाच लागतो आणि जिथे कुणी करत नाही.

पेण, हमरापूर, जोहे. इथला गणपती देशभर जातो, परदेशात जातो. कारखान्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. कसबी मूर्तिकार मातीत मूळ मॉडेल करतो. त्यावरून साचा निघतो. साच्यातून कच्च्या मूर्ती निघतात, मग घासकाम, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. चोरी सोपी असते. बाजारातून एक मूर्ती विकत घ्यायची, तिच्यावरून साचा पाडायचा, आणि पुढच्या हंगामात तीच बैठक, तोच सोंडेचा बाक, तीच मान स्वस्तात विकायची.

गणपती सगळ्यांचा आहे. लंबोदर, एकदंत, हातात मोदक, पायाशी उंदीर यावर कुणाचीच मालकी नाही. कल्पनेवर हक्क नसतो, ती ज्या विशिष्ट रूपात उतरते त्या रूपावर असतो, आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच हे सांगितलं. नुसती मेहनतही पुरत नाही, थोडी तरी निर्मिती हवी, असं सांगणाऱ्या २००७ च्या निकालाचं नाव योगायोगाने ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोदक’ असं आहे. तेव्हा मोदक तुमचा नाही, पण तो धरलेल्या हाताला तुम्ही दिलेली लकब तुमची आहे. शिल्प ही कायद्यात कलाकृतीच आहे.

इथवर सगळं मूर्तिकाराच्या बाजूने. पण याच कायद्यात कलम १५ आहे. एखादी गोष्ट २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखी असेल, पण नोंदवलेली नसेल, तर तिच्या मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने पन्नासहून अधिक प्रती निघाल्या की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. पन्नास! पेणच्या कारखान्यात एका साच्यातून पन्नास मूर्ती काढणं ही काय मोठी गोष्ट? आणि डिझाइन कायद्यातली औद्योगिक प्रक्रिया म्हणजे धूर सोडणारी यंत्रंच नव्हेत. हाताने केलेली प्रक्रियाही त्यात धरली आहे.

तर मग साच्यातला गणपती ही कलाकृती की डिझाइन? मूर्तिकाराची बाजू भक्कम आहे. डिझाइनच्या व्याख्येतूनच कलाकृती वगळलेली आहे. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स’ खटल्यात कसोटी घालून दिली: काम निव्वळ कलाकृती आहे, की कलाकृतीवरून काढून औद्योगिक प्रक्रियेने वस्तूला लावलेलं डिझाइन आहे, हे पाहा, आणि त्याचा मुख्य उद्देश उपयोगाचा आहे का, हे पाहा. गणपती खुर्चीसारखा वापरायची वस्तू नाही, तो बघायचा आणि पुजायचा आहे. पण समोरचा वकील म्हणणारच की साहेब, एका साच्यातून हजार निघाले, हे कलाकृतीचं लक्षण आहे का? तो खटला मूळ मातीचं मॉडेल करणाऱ्याने का लढावा, आणि कशाच्या जोरावर?

मजा अशी की इथे कॉपीराइटचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असलं तरी कलम १५ चा धोका टळत नाही. ज्या कागदाने खात्रीचं संरक्षण मिळू शकतं तो वेगळा आहे: डिझाइन नोंदणी. व्यक्तीसाठी अर्जाची फी एक हजार रुपये. संरक्षण दहा वर्षं, पुढे पाच वर्षांची वाढ. त्याची किंमत म्हणजे डिझाइन म्हणून नोंदवलं की त्यावरचा कॉपीराइट उरत नाही. आयुष्य अधिक साठ वर्षांच्या ऐवजी पंधरा. पण एका मॉडेलची चलती किती हंगाम टिकते? पंधरा वर्षं पुष्कळ झाली. अट एकच कडक आहे: डिझाइन नवं हवं. अर्जाआधी ते बाजारात आलं, इन्स्टाग्रामवर झळकलं, की नवेपण गेलं.

म्हणजे ‘आधी काढ, मग टाक’ हा सल्ला खरा आहे. फक्त तो दुसऱ्या कायद्याचा आहे, आणि ज्यांना द्यायला हवा त्यांना कुणी देत नाही. कवीला घाबरवतात, मूर्तिकाराला अंधारात ठेवतात.

पन्नासाचा हा उंबरठा कुणी आकाशातून आणलेला नाही. ब्रिटनच्या कायद्यातही तसाच होता; पन्नासहून अधिक प्रती निघालेल्या कलाकृतीचं संरक्षण तिथे पंचवीस वर्षांवर येत असे. ते कलम त्यांनी २०१६ मध्ये रद्द केलं. आपण मात्र तो जपून ठेवला आहे. निवडणुकीच्या वर्षी पेणच्या कारखान्यांत येऊन आरती करणाऱ्या पुढाऱ्यांकडे एक मागणी करा: हाताने घडवलेल्या मूळ मूर्तीचा कॉपीराइट साच्याच्या एक्कावन्नाव्या प्रतीला मरणार नाही, एवढी ओळ कायद्यात घाला. गावाच्या नावाचं भौगोलिक मानांकन त्याची जागा घेऊ शकत नाही. ते गावाच्या नावाचं रक्षण करतं. अमुक मॉडेल अमुक हातांनी केलं, याचं नाही.

हक्क जातो कुठे?

बहुतेकांचा हक्क नोंदणीअभावी जात नाही. तो सहीने जातो, किंवा गप्प बसल्याने.

रोह्यातल्या लग्नाच्या फोटोग्राफरला विचारा, फोटो कुणाचे. तो म्हणेल, माझे. कलम १७ म्हणतं, पैसे देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढले असतील आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. नोंदणी करून हे बदलत नाही. ॲडव्हान्स घेतानाच्या पावतीवर दोन ओळी लिहून बदलतं.

पाच हजार घेऊन चॅनलला गाणं ‘देऊन टाकणाऱ्या’ गीतकाराला वाटतं, विषय संपला. संपलेला नाही. हक्क हस्तांतर लेखीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणासाठी दिलेल्या शब्दांवर आणि चालीवर पुढे जो मोबदला येईल, त्यातला समान वाटा मागायचा लेखकाचा हक्क त्या सहीने जात नाही. गाणं लग्नांत वाजतंय, व्ह्यूज वाढताहेत, आणि लिहिणारा धाटावच्या कंपनीत पाळी करतोय. त्याला कुणी कलम १९ सांगितलंय का? सांगितलं असतं तर त्याला प्रमाणपत्रावाचून चाललं असतं.

शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं उदाहरण घ्या. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भलं मोठं कांस्यशिल्प १९७९ मध्ये सरकारने काढून टाकलं आणि त्याची दुर्दशा झाली. शिल्पाचा कॉपीराइटही सरकारला दिलेला होता. तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प परत द्यायला आणि पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं. कारण कलम ५७: हक्क विकला तरी कर्तेपण विकलं जात नाही. आपलं नाव लागावं, आपल्या कामाची विटंबना होऊ नये, हे मागायचा अधिकार कर्त्याचाच राहतो.

पीकपाहणी करा, ती फुकट आहे

पुरावा जमवा, आणि तो रोजच्या कामातच जमवा. मातीच्या गोळ्यापासून आखणीपर्यंतचे फोटो काढा. मूळ मॉडेलच्या पाठीला किंवा बैठकीखाली आपली खूण कोरा, म्हणजे ती साच्यात उतरेल आणि चोराच्या मूर्तीतही निघेल. गाण्याचा कच्चा ऑडिओ, खाडाखोड केलेली वही, मूळ प्रोजेक्ट फाइल फेकू नका. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली दबलेली प्रत नव्हे, कॅमेऱ्यातली मूळ फाइल जपा. काम पूर्ण झालं की स्वतःला आणि एखाद्या विश्वासू माणसाला ईमेल करा, तारीख आपोआप लागते. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात चालतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्याची रीत दिली आहे, आणि त्यासाठी मूळ फाइल आणि ती ज्या फोनमध्ये होती त्याची माहिती लागते. व्यवहार तोंडी करू नका, अगदी मित्राशीही.

आणि नोंदणी? जिथे मोठा व्यवहार होणार आहे, समोरची कंपनी कागद मागते आहे, लेबलवरून भांडण पेटायची चिन्हं आहेत, तिथे जरूर करा. ती सकृद्दर्शनी पुरावा देते, समोरच्यावर ओझं टाकते. स्वतः ऑनलाइन करा. पण ती सोयीसाठी करा, भीतीपोटी नको.

कुणी म्हणेल, मला मालकी नकोच, माझं गाणं सगळ्यांनी गावं. उत्तम. ज्या पेण तालुक्यातून जमिनीचं दान मागत देशभर चालणारा माणूस निघाला, तिथे हे बोलणं शोभतं. कलम २१ नुसार जाहीर सूचना देऊन हक्क सोडताही येतो. पण दान देणाऱ्याची जमीन आधी त्याची असावी लागते. सरकारी खिडकीवर रांग न लावता, कुणाची परवानगी न मागता, तुमचं काम घडवल्या क्षणापासून तुमचं आहे. ते द्यायचं, विकायचं की राखायचं, हे ठरवा. पण ते आपलं नाहीच असं समजून सोडून देऊ नका.